एक गेला की चार मोकळे होतात?

२ फेब्रुवारी २०२५, रविवार. सकाळचं बास्केटबॉल खेळून झालं होतं आणि आम्ही नेहमीसारखे कोर्टाबाहेरच्या कट्ट्यावर चहा घेत बसलो होतो, कुणी गुडघ्याला बर्फ लावत होतं, कुणी बूट काढून मोजे उन्हात टाकले होते, आणि साडेदहा-पावणेअकराच्या सुमारास एकदम तीन-चार फोन वाजले. डॅलस मॅव्हरिक्सचा स्टार लुका डॉनचिच लेकर्सकडे, ट्रेड म्हणजे अदलाबदलीत. पहिल्यांदा सगळे एकच बोलले, अकाउंट हॅक झालंय. बातमी पत्रकार शॅम्स चरानियाने दिली होती, म्हणजे एनबीएच्या, अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगच्या, बाबतीत त्याच्या पलीकडे विचारायला कुणी नाही, तरी विश्वास बसेना, मग त्यानेच परत लिहिलं की हो, हे खरं आहे. पोरं ओरडायला लागली, एकाने तर चहाचा ग्लास तसाच ठेवून दिला. सर मात्र शांत होते. सरांनी आम्हाला शाळेत असताना शिकवलं, आता सत्तरी उलटली तरी रविवारी शिट्टी गळ्यात घालून येतात. ते म्हणाले, "बरं झालं की. कितीही मोठा असला तरी एकच ना. एक गेला की चार मोकळे होतात."

मला तेव्हा काही बोलता आलं नाही. पण ते वाक्य डोक्यात अडकून बसलं.

कारण सर उगाच बोलणारे नाहीत, आणि दुसरं म्हणजे डॅलसच्या मॅनेजमेंटचं म्हणणंही थोडंफार तेच होतं. जनरल मॅनेजर निको हॅरिसनने सांगितलं की डिफेन्सवर चॅम्पियनशिप जिंकता येते, म्हणून त्याने लेकर्सकडून अँथनी डेव्हिसला आणलं. लुकाच्या वजनाबद्दल, फिटनेसबद्दल कुजबुज होतीच, आणि उन्हाळ्यात त्याला पाच वर्षांचं साधारण ३४.५ कोटी डॉलरचं कॉन्ट्रॅक्ट द्यायची वेळ येणार होती. ऐकायला सगळं हिशोबात बसतं. पण मुलगा पंचविशीतला होता हो. आठ महिन्यांपूर्वी ह्याच मुलाने ह्याच टीमला फायनलपर्यंत नेलं होतं. आणि बदल्यात आला एकतिशीतला डेव्हिस, मॅक्स क्रिस्टी आणि २०२९ चा एकच फर्स्ट राउंड पिक, म्हणजे त्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये पहिल्या फेरीत एक नवा प्लेयर निवडायचा हक्क. डेव्हिस महान प्लेयर आहे, त्यात वादच नाही, पहिल्याच मॅचला त्याने २६ पॉइंट्स आणि १६ रिबाउंड्स काढले, आणि त्याच मॅचमध्ये मांडीच्या आतला स्नायू दुखावून बाहेर गेला. महिन्याभरात कायरी अर्विंगचा गुडघा गेला. एरिनाच्या बाहेर, जिथे डॅलसचा जुना स्टार डर्क नोविट्झकी याचा पुतळा आहे तिथे, लोकांनी फुलं ठेवली, कुणी तर शवपेटी आणून ठेवली. मॅचमध्ये फ्री थ्रोच्या शांततेत गर्दीतून "फायर निको"चा, निकोला काढा असा, घोष उठायचा. फोनच्या स्क्रीनवरसुद्धा तो आवाज अंगावर यायचा.

पण हे झालं डॅलसचं. मला स्वतःला उत्तर हवं होतं ते सरांच्या वाक्याचं. बास्केटबॉलमध्ये कोर्टावर पाचच जण असतात आणि बॉल एकच. क्रिकेटमध्ये मोठ्यातला मोठा बॅट्समन आउट झाला की झाला, उरलेला डाव त्याला पॅव्हेलियनमध्येच बसून बघावा लागतो. इथे स्टार ४८ मिनिटांपैकी ३६-३८ मिनिटं कोर्टावर असतो, जवळजवळ प्रत्येक वेळी बॉल त्याच्या हातातून जातो, दुसऱ्या टीमचे दोन-दोन डिफेंडर त्याच्यावर धावून येतात आणि म्हणूनच कोपऱ्यात उभ्या असलेल्या साध्या शूटरला मोकळी जागा मिळते. म्हणजे खरं बघितलं तर स्टार असतो तेव्हाच चार मोकळे असतात. तो गेला की चौघांनाही आपापला डिफेंडर मिळतो, आणि मग कळतं की आपल्याला जे ओपन शॉट्स मिळत होते ते आपले नव्हतेच, कुणीतरी आपल्यासाठी काढून ठेवले होते. हे मी एनबीए बघून शिकले नाही. हे मला आमच्या सिमेंटच्या कोर्टावर कळलं होतं.

आमच्या क्लबच्या टीममध्ये एक नऊ नंबर होती. नाव लिहीत नाही, ती आता नोकरी-संसारात आहे आणि तिला हे असं लिहिलेलं आवडणार नाही. मी पहिल्यांदा टीममध्ये आले तेव्हा ती आमच्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठी, म्हणून ताई. ताई बॉल घेऊन आली की कोर्टाचा आवाजच बदलायचा, ड्रिबल खाली, जवळजवळ घोट्याच्या उंचीवर, टप टप टप टप, आणि तिच्या बुटांचा रबर सिमेंटवर घासल्याचा एक चर्रकन आवाज, की समजायचं आता ती वळली. दुपारी चारला कोर्ट तापलेलं असायचं, बॉल हातात धरला की तळवे काळे व्हायचे आणि त्या रबराचा वास घरी जाऊन साबणाने धुतला तरी जायचा नाही. ताईला पास दिला की आमचं काम संपलं असं आम्हाला वाटायचं, आणि सर ह्याच गोष्टीवर चिडायचे. "उभ्या काय राहता, कापा, कापा!" ते साइडलाइनवरून ओरडायचे, म्हणजे उभ्या राहू नका, बास्केटकडे पळा. म्हणजे सरांचं चार मोकळे होण्याचं म्हणणं त्या काळापासूनचं आहे, आज सुचलेलं नाही.

मग ताई रेल्वेत लागली. स्पोर्ट्स कोट्यातून. आपल्याकडे ट्रेड नसतो, नोकरी असते. रेल्वेची महिला टीम तेव्हाही नॅशनल्सला सगळ्यांना धुवायची आणि आजही तिचा दबदबा आहे, तिथे निवड होणं म्हणजे घराचं भलं झालं, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून पेढे खाल्ले. तिच्या आईच्या चेहऱ्यावरचा आनंद मला अजून आठवतो. पण आमच्या टीमला बदल्यात काय मिळालं, काही नाही. पिक नाही, प्लेयर नाही, पैसे नाहीत. राहिली ती नऊ नंबरची जर्सी, ती सरांनी कपाटात ठेवून दिली, बरीच वर्षं कुणाला दिली नाही.

आणि खरं सांगते, सुरुवातीला आम्ही सुधारलो. सर खोटं बोलत नाहीत म्हणतात ते यासाठी. पहिले काही आठवडे बॉल असा फिरायचा की बघत राहावं, प्रत्येकीचा हात लागायचा, ज्या मुली वर्षभर ताईकडे बघत उभ्या राहायच्या त्या पळायला लागल्या, मला स्वतःला पहिल्यांदा वाटलं की मी खेळतेय. लहान टीम्सना आम्ही आधीपेक्षा जास्त फरकाने हरवलं. मग आंतरजिल्हा स्पर्धेची सेमी आली. शेवटची दोन मिनिटं, एका पॉइंटचा फरक. आमच्याकडे शॉट क्लॉकचा, म्हणजे शॉट मारायला उरलेले सेकंद दाखवणारा, बोर्ड वगैरे नसायचा, टेबलवरून एक मुलगा हातात स्टॉपवॉच धरून सेकंद ओरडायचा. तो "दहा" म्हणाला, "आठ" म्हणाला, आणि बॉल आमच्या पाचजणींमध्ये फिरत राहिला, सुंदर फिरला, कुणीच मारेना. प्रत्येकीला वाटत होतं दुसरी मारेल. माझ्याकडे आला तेव्हा मी ओपन होते, मी पास दिला. हरलो. संघभावना, समान वाटप, सगळं आमच्या ४० मिनिटांच्या मॅचमध्ये ३८ मिनिटांपर्यंत उत्तम असतं. शेवटच्या दोन मिनिटांसाठी तो एक माणूस लागतो ज्याला चुकायची भीती वाटत नाही, किंवा वाटते पण तरी मारतो.

त्या रविवारनंतर कित्येक रात्री मी जुने ट्रेड्स उकरत बसले. मला बघायचं होतं की कधीतरी, कुणाला तरी, स्टार देऊन फायदा झालाय का. जुनी उदाहरणं थोडी क्रूर आहेत. १९७५ मध्ये मिलवॉकी बक्सने करीम अब्दुल-जब्बारला लेकर्सना दिला, म्हणजे त्यालाच तिथे राहायचं नव्हतं, त्याने स्वतः सांगितलं होतं. बदल्यात चार प्लेयर आले, त्यातले ब्रायन विंटर्स आणि ज्युनियर ब्रिजमन इतके चांगले निघाले की मिलवॉकीने पुढे दोघांचेही नंबर रिटायर केले, म्हणजे त्या नंबरची जर्सी पुन्हा कुणाला द्यायची नाही. ऐंशीच्या दशकात बक्सने सलग सात सीझन ५० किंवा जास्त मॅचेस जिंकल्या. वाईट आहे का हे? अजिबात नाही. पण फायनल नाही गाठली एकदाही. करीमने लेकर्सबरोबर पाच चॅम्पियनशिप्स घेतल्या आणि मिलवॉकीला १९७१ नंतरची पुढची मिळाली ती थेट २०२१ मध्ये. चार चांगले मिळून एक करीम होत नाही, हे इतकं सरळ आहे की लिहायलाही नको वाटतं, तरी दर काही वर्षांनी कुणीतरी मॅनेजर हेच गणित परत मांडतो.

शकील ओनीलचं मात्र वेगळं झालं, आणि ते माझ्या पिढीने डोळ्यासमोर बघितलंय. २००४ ला लेकर्सनी त्याला मायामीला पाठवला, टीमचा दुसरा स्टार कोबी ब्रायंट आणि शॅकचं जमत नव्हतं आणि शॅकला मोठं कॉन्ट्रॅक्ट हवं होतं. आम्ही तेव्हा सायबर कॅफेत जाऊन बॉक्स स्कोर बघायचो. लेकर्स पुढच्याच वर्षी ३४-४८, प्लेऑफच्या बाहेर. मायामी २००६ ला चॅम्पियन. म्हणजे निकाल लागला, नाही का? पण थांबा ना. शॅकच्या बदल्यात आलेल्या कॅरन बटलरला देऊन लेकर्सनी क्वामी ब्राऊन घेतला, त्यावर सगळे हसले. मग २००८ मध्ये त्याच क्वामी ब्राऊनला आणि इतर काहींना देऊन पाव गसोल घेतला, आणि २००९, २०१० अशा दोन चॅम्पियनशिप्स. आणि ज्या मेम्फिसने गसोल दिला म्हणून त्यांची टर उडवली गेली, त्यांना त्या ट्रेडमध्ये पावचा धाकटा भाऊ मार्क मिळाला, ४८ व्या नंबरवर ड्राफ्ट झालेला, तेव्हा कुणी विचारतही नव्हतं त्याला. तो २०१३ ला लीगचा सर्वोत्तम डिफेंडर ठरला आणि मेम्फिस कॉन्फरन्स फायनलला, म्हणजे लीगच्या सेमीला गेलं. ह्या सगळ्यात कोण जिंकलं ते कोणत्या वर्षी बघता त्यावर आहे.

ड्राफ्ट पिक म्हणजे आंब्याची कोय लावण्यासारखं आहे. लावणारा कधी फळ खाईल की नाही कुणास ठाऊक.

ह्या बाबतीत मला सगळ्यात जास्त गुंतवून ठेवतं ते पॉल जॉर्जचं प्रकरण, आणि त्याला एक मुंबईची बाजू पण आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये एनबीएच्या दोन मॅचेस झाल्या, इंडियाना पेसर्स विरुद्ध सॅक्रामेंटो किंग्ज, भारतातल्या पहिल्याच. पहिल्या दिवशी बहुतेक शाळेतली मुलं होती, दुसऱ्या दिवशी आमच्यासारख्यांना तिकिटं. मी गेले होते. एसीचा गारठा, कानठळ्या बसवणारं म्युझिक, आणि ते लाकडी कोर्ट, इतकं चकचकीत की आपल्या सिमेंटची आठवण येऊन गळा दाटला. किंग्जचे मालक विवेक रणदिवे, आपल्या जुहूत वाढलेले, त्यामुळे लोक किंग्जलाच आपली टीम मानून ओरडत होते. पेसर्सकडून होता डोमांटास साबोनिस, आणि हा साबोनिस इंडियानाकडे आला होता तो २०१७ मध्ये त्यांचा स्टार पॉल जॉर्ज याच्या बदल्यात, व्हिक्टर ओलाडिपोबरोबर. पॉल जॉर्जने सांगितलं होतं की मी पुढच्या वर्षी जाणारच आहे, तेव्हा इंडियानाला जे मिळेल ते घ्यावं लागलं, आणि सगळ्यांनी म्हटलं की फसले. मग २०२२ च्या फेब्रुवारीत, मुंबईत एकमेकांविरुद्ध खेळलेल्या ह्याच दोन टीम्सनी आपसात ट्रेड केला, साबोनिस किंग्जकडे आणि टायरीस हॅलिबर्टन पेसर्सकडे. हॅलिबर्टन रडला होता. त्याला सॅक्रामेंटोतच राहायचं होतं, त्या वर्षानुवर्षं हरणाऱ्या टीमला आपणच वर काढायचं असं त्याने मनात धरलं होतं. साबोनिस आल्यावर किंग्ज १६ सीझननंतर प्लेऑफला गेले, आणि हॅलिबर्टनने पेसर्सना २०२५ च्या फायनलला नेलं.

आणि त्या फायनलमध्ये समोर कोण? ओक्लाहोमा सिटी. म्हणजे ज्यांनी इंडियानाकडून पॉल जॉर्ज घेतला होता, आणि २०१९ ला त्यानेच दुसरीकडे जायचंय म्हटल्यावर क्लिपर्सना दिला होता, बदल्यात शे गिल्जस-अलेक्झांडर, डॅनिलो गॅलिनारी आणि पाच फर्स्ट राउंड पिक्स. त्यातल्याच एका पिकवर जेलन विल्यम्स आला. एकाच माणसाला सोडून दिलेल्या दोन टीम्स फायनलमध्ये एकमेकांसमोर, सातव्या मॅचपर्यंत! हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी एकटीच उठून खोलीत फेऱ्या मारल्या. पण मधली वर्षं विसरून चालत नाही. मॅनेजर सॅम प्रेस्टीच्या त्या ओक्लाहोमाने एका सीझनला २२, पुढच्याला २४ मॅचेस जिंकल्या, डिसेंबर २०२१ मध्ये मेम्फिसकडून ७३ पॉइंट्सनी हरले, लीगच्या इतिहासातला सगळ्यात मोठा पराभव. त्या रात्री ती मॅच बघणाऱ्या ओक्लाहोमाच्या फॅनला कुणी सांगितलं असतं का की साडेतीन वर्षांनी चॅम्पियन होणार आहात? आणि सांगितलं असतं तरी त्याने काय करायचं होतं त्या रात्रीचं? तिकडे हॅलिबर्टनचा त्याच सातव्या मॅचच्या पहिल्या क्वार्टरमध्ये टाचेमागचा अकिलीस स्नायुबंध फाटला. लाकडावर हात आपटत तो पडून होता आणि मला मध्येच वरळीचं ते चकचकीत कोर्ट आठवलं.

बॉस्टनबद्दल लिहायचं तर लिहावंच लागेल, कारण २०२४ च्या फायनलमध्ये लुकाच्या डॅलसला ४-१ ने हरवलं ते त्यांनीच, आणि ती टीम उभी राहिली होती पॉल पिअर्स आणि केविन गार्नेटला २०१३ मध्ये ब्रुकलिनला देऊन. पिअर्स १५ सीझन तिथे खेळलेला, म्हणजे घरचाच. पण दोघं म्हातारे झाले होते आणि ब्रुकलिनला घाई होती. ब्रुकलिनकडून मिळालेल्या पिक्समधून जेलन ब्राऊन आणि जेसन टेटम आले. हा ट्रेड मला समजतो, स्टारचा उतार सुरू झालाय हे बघायचं धाडस लागतं, फॅन म्हणून ते आपल्यात नसतं. पण त्याच बॉस्टनने २०१७ ला आयझेया थॉमसला दिलं ते मला आजही पचत नाही. पाच फूट नऊ इंचाचा माणूस. प्लेऑफच्या आदल्या दिवशी बहीण अपघातात गेली, दुसऱ्या दिवशी तो खेळला, पुढच्या राउंडला बहिणीच्या वाढदिवशी ५३ पॉइंट्स केले, कंबरेचा सांधा दुखावलेला. त्याच उन्हाळ्यात त्याला क्लीव्हलंडला पाठवलं. बदल्यात आलेला कायरी दोन वर्षांनी स्वतःच निघून गेला. कागदावर त्या दिवशी ट्रेड बरोबर असेलही, थॉमस पुन्हा कधी तसा खेळू शकला नाही हेही खरं. तरी त्याच्या बाजूने कुणीतरी काहीतरी मांडायला हवं होतं असं वाटत राहतं.

आणि मग डेमार डीरोझन.

डीरोझनचं आलं की माझं सगळं गणित कोसळतं. नऊ सीझन टोरोंटोत. जिथून प्लेयर पळून जायचे त्या शहराला त्याने आपलं म्हटलं, कॉन्ट्रॅक्ट संपल्यावर दुसऱ्या कुणाला भेटायलासुद्धा न जाता परत सही केली, आपल्या डिप्रेशनबद्दल उघडपणे बोलला तेव्हा त्या शहरानेही त्याला जवळ घेतलं. जुलै २०१८ मध्ये टोरोंटोचा कारभार बघणाऱ्या मसाय उजिरीने त्याला कवाय लेनर्डच्या बदल्यात सॅन अँटोनियोला पाठवला. डीरोझनचं म्हणणं होतं की मला ट्रेड करणार नाही असं सांगितलं होतं, उजिरीने नंतर जाहीरपणे माफी मागितली. आणि ११ महिन्यांनी टोरोंटो चॅम्पियन. इतिहासात पहिल्यांदा. कवायचा तो फिलाडेल्फियाविरुद्धचा शॉट, कोपऱ्यातून, रिंगवर चार वेळा उडून आत पडलेला, तो मी इतक्यांदा बघितलाय, आणि दरवेळी आनंदाच्या मागोमाग डीरोझन कुठे बसून हे बघत असेल असं मनात येतंच. त्या टीममध्ये मार्क गसोलही होता, मेम्फिसचा. कवाय महिन्याभरात क्लिपर्सकडे निघून गेला. टोरोंटोच्या कुणाला विचाराल तर म्हणेल, पुन्हा संधी दिली तर पुन्हा हेच करू. मी तिथली असते तर मीही हेच म्हटलं असतं. आणि त्याच रात्री मला झोप लागली नसती.

आपल्याकडे हे ट्रेडचं वारं आलंय ते आयपीएलमुळे. हार्दिकला गुजरातकडून परत आणला, रोहितकडून कॅप्टनशिप काढली, आणि २०२४ ला वानखेडेवर आपल्याच कॅप्टनला हुर्यो ऐकावी लागली. मुंबई शेवटच्या नंबरवर राहिली. त्या दिवसांत आमच्या बिल्डिंगमध्ये जे लोक आयुष्यात बास्केटबॉल बघणार नाहीत तेही अचानक लॉयल्टीवर बोलायला लागले होते. मला बरं वाटलं होतं, की चला, हे दुखणं आता फक्त आम्हा चार जणांचं नाही. आणि हार्दिकबद्दल वाईटही वाटलं, कारण ज्याला आणतात त्याचा त्यात काय दोष.

एप्रिलमध्ये लुका लेकर्सची जर्सी घालून डॅलसला परत आला. आपल्याकडे पहाट होती, मी गजर लावून उठले, घरात सगळे झोपलेले म्हणून आवाज बंद. मॅचच्या आधी त्याच्या आठवणींचा व्हिडिओ लावला तेव्हा तो बेंचवर बसून रडत होता, टॉवेलने डोळे पुसत होता, आणि आवाज नसल्यामुळे ते जास्तच दिसत होतं. मग उठला आणि ४५ पॉइंट्स केले. आख्खं स्टेडियम, म्हणजे समोरच्या टीमचं स्टेडियम, त्याच्यासाठी उभं. लेकर्स जिंकले. डॅलस त्या वर्षी ३९-४३, प्लेऑफ नाही. नोव्हेंबरमध्ये हॅरिसनची नोकरी गेली.

मध्ये मे महिन्यात मात्र एक गोष्ट घडली. ड्राफ्ट लॉटरीत, म्हणजे प्लेऑफ न गाठलेल्या टीम्समध्ये पहिला पिक कुणाला याच्या सोडतीत, डॅलसची शक्यता होती १.८ टक्के, आणि पहिला पिक त्यांनाच लागला. कूपर फ्लॅग, १८ वर्षांचा. आमच्या ग्रुपवर लगेच कुणीतरी टाकलं की बघा, लुकाला दिला म्हणूनच हरले, हरले म्हणूनच फ्लॅग मिळाला, म्हणजे फायदाच. सरांनी त्याला अंगठा दिला. ह्यावर मात्र मी लिहिलं, मोठं लिहिलं, आणि तेच इथे लिहिते. १.८ टक्क्यांनी लागलेली गोष्ट ही कुणाच्या निर्णयाचं फळ नाही. फ्लॅग उद्या तिथे तीन चॅम्पियनशिप्स जिंको, मला आनंदच होईल, डॅलसच्या लोकांनी खूप सोसलंय, पण ते त्या ट्रेडच्या नावावर जमा करणार नाही मी. इंडियाना आणि ओक्लाहोमाकडून माणूस स्वतः चालला होता, त्यांनी जाताना त्याची पुरेपूर किंमत घेतली आणि मग वर्षानुवर्षं थांबले. बॉस्टनने उतार ओळखला. आणि टोरोंटो, जिथे डीरोझनला राहायचं होतं, तिथेही उजिरीकडे एक गोष्ट होती जी हॅरिसनकडे नव्हती. लेब्रॉन जेम्सच्या क्लीव्हलंडकडून सलग तीन वर्षं बाहेर पडले होते ते, त्यातल्या शेवटच्या दोनदा ४-० ने. डीरोझनबरोबर आपण कुठपर्यंत जातो हे त्यांना पक्कं कळलं होतं, पुन्हा पुन्हा, फार वाईट पद्धतीने कळलं होतं. लुकाबरोबर डॅलस कुठपर्यंत जाऊ शकतं हे अजून कुणालाच माहीत नव्हतं. पंचविसाव्या वर्षी तो त्यांना फायनलला घेऊन गेला होता आणि पुढचं बघायच्या आधीच त्यांनी त्याला सोडला.

सरांनी त्यावर उत्तर दिलं नाही. पुढच्या रविवारी त्यांनी आम्हाला दोन तास शेवटच्या दोन मिनिटांचीच प्रॅक्टिस दिली, एका पॉइंटने मागे आहात असं समजून, आणि प्रत्येक वेळी शॉट कोण मारणार ते आधीच नंबर पुकारून सांगितलं.